दावणीला किती?

बारा गायी घ्यायच्या म्हणतोस. तुझ्या आजीनं सकाळी चुलीपाशीच मला सांगितलं, आणि खरं सांगतो, ऐकून बरं वाटलं. वाळूजच्या कंपनीतून माणूस गावाकडं परततो ते हात हलवत. तू निदान काहीतरी मनात धरून आलास. लाल कंधारीच घेणार म्हणालास, तेही पटलं. आपल्या मराठवाड्याचं जनावर आहे, ऊन सोसतं, बरडावर चालतं.

पण बारा कुठून आला रे हा आकडा? बँकेच्या कागदावरून आला असेल, किंवा मोबाईलवरच्या कुणाच्या गोठ्यावरून. आपल्या सहा एकर बरडाला विचारून आला नाही, एवढं नक्की. दावणीला किती ढोरं बांधायची हे पैसा ठरवत नाही, हौसही ठरवत नाही, ते गवत ठरवतं. गवत बोलत नाही म्हणून त्याचं म्हणणं मोजून काढावं लागतं. माझ्या बापानं ते मोजलं नाही, आणि त्याची शिक्षा मी बघितली आहे.

72 साली मी बावीस वर्षांचा होतो. आपल्या दावणीला चौदा ढोरं होती, लहानमोठी धरून. गावात मान होता त्याचा. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हस्तानंही दगा दिला. दसऱ्याला चुलते बापाला म्हणाले, निम्मी काढून टाक. बाप म्हणाला, परतीचा पाऊस येईल, लक्ष्मी कुणी विकतं का. ढोरं त्या बरडावरच सोडली. पौषात गवत संपलं, माघात मुळ्या संपल्या. खुरानं उकरून खात होती, मातीसकट. चैत्रात दोन गायी बसल्या त्या उठल्याच नाहीत. पोटाखालून लाकूड घालून चौघं जण त्यांना उभ्या करायचो, हात काढला की परत खाली. चौदातली पाच उरली. मी आणि तुझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, सुकडी खात होतो. माणसं जगली.

आता खरी गोष्ट ऐक. ढोरं मेली त्याचं दुःख दोन वर्षांत ओसरलं, नवी आली. पण बरड गेला तो गेलाच. 73 ला पाऊस झाला, सगळीकडं हिरवं झालं, आणि आपल्या बरडावर उगवलं काय? कुसळी आणि तरवड. आधी तिथं पवना होता, शेडा होता, उताराच्या खालच्या अंगाला मारवेल मांडीइतका वाढायचा. ती गवतं परत दिसायला मला दहा-बारा वर्षं राखण करावी लागली. तेव्हापासून मी ढोरं मोजायच्या आधी गवत मोजतो.

कसं मोजायचं ते सांगतो, ध्यान देऊन ऐक, कारण सगळा मंत्र यातच आहे. चार काठ्या घे, प्रत्येकी एक मीटर, आणि त्यांची चौकट बांध. गवत फुलावर आलं की, म्हणजे साधारण हस्ताच्या अखेरीला, ती चौकट घेऊन बरडावर फिर. दहा ठिकाणी टाक. चांगलं गवत बघून टाकू नकोस, तिथंच माणूस स्वतःला फसवतो. वीस पावलं चाल, टाक. परत वीस पावलं, टाक. खडकावर पडली तर खडकावरच राहू दे, तो शून्यही हिशेबात धरायचा. चौकटीतलं गवत विळ्यानं जमिनीलगत काप, पिशवीत भर, तरवड आणि रुई बाजूला काढ, कारण ढोरं ती खात नाहीत. घरी आणून चार दिवस उन्हात वाळव, कुरकुरीत होईपर्यंत. मग आजीच्या काट्यावर दहाही पिशव्यांचं वजन कर आणि सरासरी काढ. जेवढे ग्रॅम येतील त्याला चारनं गुण. एकरी तेवढे किलो सुकं गवत.

आपल्या बरडावर बऱ्या पावसाच्या वर्षी दीडशे ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे एकरी सहाशे किलो. ऐकायला पुष्कळ वाटतं ना? आता त्यातलं निम्मं जमिनीचं. त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या निम्म्यातलंही खुराखाली तुडवतं, शेणा-मुतानं खराब होतं, ते ढोर तोंड लावत नाही. गायीच्या पोटात जातं ते तिसरा हिस्सा धर, दोनशे किलो. सहा एकरांचे झाले बाराशे. तीनशे किलो वजनाच्या गायीला दिवसाला सात किलो सुका चारा लागतो. शंभर किलो वजनामागं दोन ते अडीच किलो, हा हिशेब कुठलाही ढोरांचा डॉक्टर तुला सांगेल. बारा गायींना दिवसाला चौऱ्याऐंशी किलो. बाराशेला चौऱ्याऐंशीनं भाग.

चौदा दिवस.

तुझ्या बारा गायी आपला अख्खा बरड चौदा दिवसांत संपवतील. पंधराव्या दिवशी तू काय करशील? काही करणार नाहीस. फाटक उघडं ठेवशील आणि त्या जमिनीचा हिस्सा खायला लागतील. तीच 72 ची वाट.

जमिनीचा हिस्सा कशाला सोडायचा, हे तू विचारशीलच. मीही चुलत्यांना विचारलं होतं. त्यांनी मला बरडावर नेलं आणि मारवेलचे दोन ठोंब कुदळीनं उपटून दाखवले. एक बांधाच्या आतला, जिथं ढोरं रोज तोंड घालायची. दुसरा काटेरी कुंपणापलीकडचा. पाण्याच्या घागरीत दोन्ही धुतले. रोज खाल्लेल्या ठोंबाची मुळी माझ्या बोटाएवढी होती, पिवळट, दोनचार तंतू. राखलेल्याची हातभर, आणि दाट, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. गवताचं पान म्हणजे त्याची चूल आहे रे. पान कापलं की ते मुळीतली साठवण काढून नवं पान करतं. परत कापलं, परत काढतं. कोठार रिकामं झालं की मुळी आखडते, आणि आखडलेल्या मुळीला जमिनीतली ओल पोचत नाही. मग आठ दिवस उघडीप पडली तरी गवत करपतं. लोक म्हणतात पाऊस कमी झाला. पाऊस तेवढाच असतो, आपली सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पूर्वीही होती. तो धरायला खाली मुळी उरलेली नसते, वर पाचोळाही नसतो, पाणी धावत गोदावरीला जातं.

म्हणून मृगाचा पहिला पाऊस पडला आणि बरड हिरवा दिसायला लागला की ढोरं सोडायची घाई करू नकोस. सगळं गाव सोडतं. त्या कोवळ्या पोपटी पात्यात असतं पाणीच, ढोर दिवसभर हिंडतं आणि पोट भरत नाही, वर हगवण लागते. आणि गवतानं उन्हाळाभर जपलेलं शेवटचं कोठार खर्चून ते पातं काढलेलं असतं. त्याच वेळी त्याला खुडलं तर वर्ष गेलं. गवत निदान वीतभर होऊ दे. तोवर बांधावरचं कापून घाल, कडवळ घाल, उरलेला कडबा घाल. ज्येष्ठ-आषाढासाठी कडब्याची एक गंजी मी नेहमी वेगळी ठेवायचो, तिला तुझ्या बापालाही हात लावू द्यायचो नाही.

बरडाचे तीन तुकडे कर. तारेचं कुंपण परवडत नसेल तर बोरी-बाभळीच्या काट्यांचं चालतं. एक तुकडा दर वर्षी पुरा बंद, बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळी होईपर्यंत. त्यात माणसानंही जायचं नाही. पुढच्या वर्षी दुसरा, मग तिसरा. तीन वर्षांत प्रत्येक गवताला एकदा म्हातारं व्हायची, बी सांडायची संधी मिळते. उरलेल्या दोन तुकड्यांत ढोरं आलटून पालटून. टाचेएवढं गवत उरलं की बाहेर काढायची, मग बाहेर काही असो नसो.

कुसळीचं मात्र वेगळं. ती कोवळी असताना ढोरं आवडीनं खातात, कुसळं धरली की तोंडात टोचतात, मेंढराच्या तर कातडीत रुततात. जिथं कुसळी माजली आहे तो तुकडा आधी चारून घे किंवा फुलाच्या आधी काप. तिला बी सांडू देणं म्हणजे शत्रूला घर बांधून देणं. पवना-मारवेल राखायचे, कुसळीला हाणायचं, हा भेद डोळ्याला कळायला लागला की तुला बरड वाचता येईल. झाशीला चराई आणि चाऱ्याची संशोधन संस्था आहे. तिथल्या दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी 1973 साली देशभरच्या गवतांची मांडणी पुस्तकात केली, त्यात आपल्या दख्खनच्या माळांना शेडा-पवन्याच्या आणि मारवेलच्या कुळावरूनच नाव दिलं. म्हणजे ही गवतं आपल्या मातीची मूळची मालकीण. ती जाऊन कुसळी आली, कुसळी जाऊन तरवड, रुई, गाजरगवत आलं, की समज माळ एकेक पायरी खाली उतरला. तरवडाचं पिवळं फूल दिसायला देखणं असतं, पण मला ते दिसलं की पोटात खड्डा पडतो.

जिथं मोकळी जागा पडली आहे तिथं पहिल्या पावसात मारवेलचे ठोंब लाव आणि स्टायलो पेर. राहुरीच्या विद्यापीठानं मारवेलचा सुधारित वाण काढला आहे, फुले मारवेल नावाचा. स्टायलो द्विदल आहे, नुसत्या गवतानं दुधाला जे कमी पडतं ते त्यातून मिळतं. पण पेरलेल्या तुकड्यात दोन पावसाळे ढोर नाही. फार तर दुसऱ्या वर्षी कापून आण.

कापून आणण्यावरून आठवलं. वरचा चौदा दिवसांचा हिशेब चारण्याचा होता. तेच गवत विळ्यानं कापून दावणीला घातलं तर तुडवण वाचते. जमिनीचा निम्मा तसाच ठेवायचा, पण दुसरा निम्मा सगळा पोटात जातो. बाराशेचे अठराशे किलो होतात, त्याच बरडातून. हात दुखतात, हे खरं. तुझ्या आजीचे दुखले, माझे दुखले. पण दीडपट वैरण कुणी फुकट देत नाही.

पाणी आणि मीठ एका जागी ठेवू नकोस. ढोरं पाण्याभोवती घोटाळतात, तिथली जमीन घोटून गुळगुळीत होते, आणि वरचा माळ तसाच पडून राहतो. हौद खाली, तर खनिज मिठाची वीट वरच्या टोकाला, बाभळीखाली बांध. चाटायला वर जातात, जाता-येता चरतात. अन् रोज एकाच पायवाटेनं वर नेऊ नकोस, दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. शेणाकडं बघत जा. पोह ओला, पसरट, मधे किंचित खोलगट पडला तर पोट नीट चाललं आहे. कडक, थरावर थर रचल्यासारखा पडला तर गवतातला कस संपला, सरकी पेंड सुरू कर.

आता दसरा. हे सगळ्यात अवघड, म्हणून मी इतका वेळ टाळलं.

दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत वर्षाचा निकाल लागतो. परतीचा पाऊस झाला किंवा नाही झाला, बरडावर आता जे उभं आहे त्याच्यावर एक पातंही वाढणार नाही, पुढच्या मृगापर्यंत. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आठ महिने. एका गायीला सतरा क्विंटल सुका चारा. तीन गायींना एक्कावन्न. आता घरात बघ. बरडावरचं कापलेलं अठरा क्विंटल. दोन एकर रब्बी ज्वारी पेरलीस तर कोरडवाहूत एकरी पंधरा-वीस क्विंटल कडबा येईल. त्याची बेरीज कर. तीन गायींचं जेमतेम भागतं. म्हणून माझा आकडा तीन. पाऊस दगा देईल त्या वर्षी दोन. कालव्याच्या अंगाला अर्धा एकर हिरवा चारा लावलास, बरड सुधारला, तर पाच वर्षांनी पाच कर. मी असलो तर मला बोलव मोजायला.

पूर्वी एकेका घरात चौदा-चौदा ढोरं कशी पोसली जायची, असं तू म्हणशील. तेव्हा शिवारभर ज्वारी होती. आता कापूस आणि सोयाबीन. कापसाच्या पऱ्हाट्या ढोर खात नाही, सोयाबीनचं भुसकट कितीसं. ऊस आला, वाढे मिळतात, पण नुसत्या वाढ्यावर ढोर महिनोन्‌महिने ठेवलं तर अंगातला चुना कमी होतो, हाडं कमजोर पडतात. वाढे घालायचे तर चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण त्याबरोबर पाहिजे. चाराच बदलला आहे, तर ढोरांचा आकडा जुना कसा चालेल?

बेरीज कमी पडली तर विकायचं. दसऱ्यातच. फाल्गुनात विकायला जाशील तेव्हा सगळा मराठवाडा तेच घेऊन बाजारात उभा असेल. 2012 ला मी आठातली पाच पाचोडच्या बाजारात विकली, घटस्थापनेच्या आधल्या आठवड्यात. भाव बरा नव्हता. परत येताना तुझी आजी टेम्पोत एक शब्द बोलली नाही, घरी येऊन रिकाम्या गव्हाणीत हात टाकून बसली. गल्लीतले म्हणाले, म्हातारा भित्रा झाला. त्या वर्षी जालन्याची दशा तू लहान होतास म्हणून तुला आठवणार नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, 13 च्या उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या. छावण्यांनी पुष्कळांची ढोरं वाचवली, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मी जूनपर्यंत तिन्ही गायी घरी ठेवल्या, आणि 13 चा पाऊस लागला तेव्हा आपला बरड पंधरा दिवसांत उठला. शेजारचा नाही उठला. त्या पाच गायींच्या पैशातून मी पुढच्या दिवाळीला दोन कालवडी घेतल्या.

विकायचं तर कुठलं, हेही ठरलेलं असू दे. दुसऱ्यांदा उलटलेली, चौथ्या-पाचव्या वेताच्या पुढची, आणि गोऱ्हे. जनावर धडधाकट असताना, त्याला शेतकरी गिऱ्हाईक असताना विक. 2015 पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, भाकड आणि थकलेल्या जनावराला बाजार उरला नाही. रात्री कुणी कुणाच्या शिवारात सोडून येतं, ते पाप आपल्या घरातून व्हायला नको. जे म्हातारं होईपर्यंत ठेवशील त्याची वैरण मरेपर्यंत तुझ्या हिशेबात धर. आता लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळते, कालवडच व्हायची शक्यता जास्त, ती वापर म्हणजे गोऱ्ह्यांचा प्रश्नच कमी होतो.

म्हैस घेतलीस तर दीड गाय धर. पाच शेळ्या म्हणजे एक गाय. वर्षाचं वासरू म्हणजे अर्धी. शेळ्यांचं तोंड वर असतं, त्या झाडोरा खातात, म्हणून दोन गायी आणि पाच शेळ्या हे तीन गायींपेक्षा बरडाला सोपं जातं.

गायरानाचं राहिलं. आपला बरड कमी पडला की गायरानात सोडू, हे तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. निजामाच्या काळापासून गायरान आणि परमपोक, म्हणजे सरकारी पडीक, म्हणून जमिनी सोडलेल्या आहेत. त्यातल्या काही भूमिहीनांनी कसल्या, दादासाहेब गायकवाडांनी त्यासाठी सत्याग्रह केले, त्यांच्या पोटाचा तो प्रश्न होता आणि आहे. जे शिल्लक आहे तिथं ज्यांच्याकडं गुंठाभर रान नाही अशा बायांच्या दोन-दोन शेळ्या चरतात. सहा एकर बरड असलेल्या घरानं बारा गायी तिथं सोडायच्या नाहीत. कायद्यानं कुणी अडवणार नाही. मी अडवतो.

गायरान राखायचं असेल तर सगळ्या गावानं ठरवून. आपल्याच जिल्ह्यात कडवंचीला इंडो-जर्मन पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं, विजयअण्णा बोराड्यांनी हाती धरलं, तेव्हा मोकाट चराई बंद ही अट होती. नगरकडं हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी ग्रामसभेतून चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. ती मुभा नसती तर गरिबानं ऐकलं नसतं, आणि ऐकावं का त्यानं? दहा जणांनी राखायचं आणि अकराव्यानं रात्री सोडायचं, तिथं बंदी आठ दिवस टिकत नाही. 2023 ला मराठा आरक्षणाचं उपोषण झालं तेव्हापासून आपल्या गावाचं नाव राज्यात सगळ्यांना ठाऊक झालं. जे गाव हजारो माणसांच्या जेवणाचा बंदोबस्त करू शकतं, ते माळाचा पण करू शकेल असं मला मनापासून वाटतं. ग्रामसभेत तू विषय काढ, मी बसतो बाजूला.

आणि धनगरांची खांड दिवाळीनंतर वाटेनं गेली तर दोन रात्री मेंढरं आपल्या कापणी झालेल्या रानात बसव. त्यांना धान्य दे. लेंड्यांचं खत मिळतं. त्यांच्याकडं बघून शिक: गवत संपायच्या आत ते मुक्काम हलवतात. आपल्याला रान हलवता येत नाही, म्हणून ढोरांचा आकडा हलवायचा.

बँकेला सध्या काही कळवू नकोस. उद्या सकाळी दव वाळलं की विळा घे, दहा पिशव्या घे. काठ्या मी बाजेखाली बांधून ठेवल्या आहेत, चौकट जुनीच आहे, एक कोपरा सैल झाला आहे तेवढा सुतळीनं आवळ. वरच्या बाभळीपासून सुरुवात कर आणि खाली ये. मी बांधावर बसून पावलं मोजतो.